उजव्या लेनमधला राग

दुभाजकालगतच्या उजव्या लेनमध्ये एखादे वाहन सावकाश चालले आहे आणि मागच्याला साइड देत नाही, एवढ्यावरून रस्त्यावरची पुष्कळ भांडणे पेटतात. त्यांचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. आधी मागून डिपर मारला जातो, मग हॉर्न वाजत राहतो, मग मागची गाडी पुढच्या बंपरला जवळजवळ चिकटते. तरीही वाट मिळाली नाही, की डावीकडून घुसून कट मारला जातो आणि पुढे गेल्यावर मुद्दाम ब्रेक दाबला जातो. शेवटची पायरी गाडी आडवी लावून खाली उतरण्याची. डिपरपासून इथपर्यंत यायला कधी कधी दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र मधल्या प्रत्येक पायरीवर दोघांपैकी एकालाही थांबता येते, आणि एक थांबला की दुसऱ्याचा राग पुढे सरकायला जागा उरत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी फार बोलका आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाठोपाठ भोसरी, चिंचवड, आकुर्डी भागात कारखान्यांची रांग लागली. पुढे वाहन उद्योगाचा मोठा भाग चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या खेड तालुक्यातल्या गावांकडे सरकला. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींचे गाव झाले. या सगळ्याचा भार मुख्यतः तीन रस्त्यांवर आहे. निगडी ते दापोडी हा जुना मुंबई-पुणे महामार्ग, नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकणमार्गे जाणारा पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता. एकाच वेळी या रस्त्यांवर कंटेनर, नव्या मोटारी वाहणारे लांब ट्रेलर, खडीचे डंपर, कंपनीच्या बस, पाळीला निघालेले हजारो दुचाकीस्वार, उसाचे ट्रॅक्टर आणि एकादशीला आळंदी-देहूकडे निघालेल्या दिंड्या असतात. इतक्या वेगवेगळ्या वेगांची वाहने एका रस्त्यावर आली, की ओलांडणे हे अपवादाचे काम राहत नाही. ते दर मिनिटाला करावे लागते.

कायद्याची भूमिका सरळ आहे. भारतात वाहन डावीकडून चालवायचे आणि पुढच्याला त्याच्या उजव्या बाजूने ओलांडायचे. त्यामुळे उजवी लेन ही ओलांडण्यापुरती वापरायची जागा ठरते. काम झाले की पुन्हा डावीकडे यायचे. जुन्या १९८९ च्या नियमांच्या जागी आलेले २०१७ चे मोटार वाहन चालनविषयक विनियम हेच सांगतात. आपल्याला कुणी ओलांडत असताना वेग वाढवायचा नाही आणि त्याच्या वाटेत अडथळा आणायचा नाही, हेही नियमातच आहे. पुष्कळ चालकांना ही शेवटची गोष्ट माहीत नसते. ‘मी वेगमर्यादेत आहे, मग बाजूला का होऊ?’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. मागच्याने वेगमर्यादा मोडली तर त्याचा हिशेब कॅमेरा आणि पोलीस करतील. त्याला अडवून धरण्याचा अधिकार पुढच्या चालकाला नाही. तितकेच खरे हेही आहे, की साइड मिळाली नाही म्हणून मागच्याला चिकटण्याचा, शिवी देण्याचा किंवा डावीकडून घुसण्याचा परवाना मिळत नाही. डावीकडून पुढे जाण्याची मुभा फार मर्यादित आहे. पुढचे वाहन उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे सरकले असेल, तेव्हाच ते योग्य.

नियम एवढा सोपा असताना या पट्ट्यात जड वाहने उजवीकडे का दिसतात, हा प्रश्न नीट विचारायला हवा. त्याचे उत्तर चालकाच्या स्वभावात कमी आणि रस्त्याच्या डाव्या कडेला जास्त सापडते. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली, की डावी लेन नावापुरती उरते. कुठे गेट उघडण्याची वाट पाहणारा कंटेनर उभा असतो, कुठे फाट्यावर कंपनीची बस थांबून कामगार चढत असतात, कुठे शेअर रिक्षा प्रवाशासाठी रेंगाळते. कुरुळी फाटा, आळंदी फाटा, तळेगाव चौक, आंबेठाण चौक या ठिकाणी बाजूचे रस्ते येऊन मिळतात आणि डावीकडून डंपर एकदम मुख्य रस्त्यावर शिरतो. पावसाळ्यात पाणी कडेला साचते, म्हणून खड्डेही तिथेच आधी पडतात. शिवाय लांबचा वळसा वाचवण्यासाठी डाव्या कडेने उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार असतात. भरलेल्या ट्रेलरला दर दोनशे मीटरवर लेन बदलणे शक्य नसते. वजनामुळे त्याला वेग पकडायला वेळ लागतो, थांबायला अंतर लागते आणि कडेच्या दुचाकीस्वाराला चिरडण्याची भीती त्याच्या चालकाला सतत असते. म्हणून तो दुभाजकाचा आधार घेतो. तिथे निदान एका बाजूने कुणी येणार नाही याची त्याला खात्री असते. पुढच्या चौकात यू-टर्न घ्यायचा असेल, तर तो आधीपासूनच उजवीकडे राहतो, कारण ऐनवेळी त्याला कुणी आत घेणार नाही हे अनुभवाने कळलेले असते.

दुसरे कारण यंत्राचे आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक बसवणे बंधनकारक झाले. सामान्य मालवाहू वाहनांसाठी त्याची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर, तर डंपर, टँकर आणि शाळेच्या बससाठी ६० किलोमीटर आहे. मागून कितीही डिपर मारला तरी असा डंपर मोकळ्या रस्त्यावरही साठाच्या वर जाऊ शकत नाही. मागच्याला जे हटवादीपण वाटते, ते कित्येकदा यंत्राने घातलेले बंधन असते.

एका जड वाहनाने दुसऱ्याला ओलांडायला किती वेळ लागतो, याचा हिशेब केला की चित्र अधिक स्पष्ट होते. सुमारे १८ मीटर लांबीचा ट्रेलर ताशी ४० किलोमीटरने चालला आहे आणि तो ३५ ने चाललेल्या १२ मीटरच्या ट्रकला ओलांडतो आहे असे धरू. पुढे आणि मागे प्रत्येकी २० मीटर मोकळे अंतर ठेवले, तर ट्रेलरला ट्रकच्या तुलनेत ७० मीटर पुढे सरकावे लागते. दोघांच्या वेगातला फरक फक्त ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. या गतीने ओलांडायला ५० सेकंद लागतात आणि तेवढ्यात ट्रेलर रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जातो. द्रुतगती मार्गावर ८० च्या वाहनाने ७८ च्या वाहनाला ओलांडायचे ठरवले, तर हाच खेळ दोन मिनिटांहून जास्त चालतो आणि जवळजवळ पावणेतीन किलोमीटर उजवी बाजू अडते. एवढ्या किरकोळ फरकासाठी ओलांडायला निघणे ही जड वाहनाच्या चालकाची चूक आहे आणि ती स्पष्टपणे चूक म्हणायला हवी. आता मागे अडकलेल्या मोटारीचे नुकसान मोजू. ती साठने जाऊ शकली असती असे मानले, तर पहिल्या उदाहरणातले ५६० मीटर तिने सुमारे ३४ सेकंदांत कापले असते. तिला ५० सेकंद लागले. गमावलेला वेळ १७ सेकंदांच्या आत आहे. नाशिक फाटा ते चाकण या सुमारे २० किलोमीटरच्या प्रवासात सरासरी वेग ४० वरून ५० वर नेला, तरी वाचतात फक्त सहा मिनिटे, आणि तेवढा काळ एखाद्या चौकात सहज जातो.

मग एवढा संताप येतो कुठून? मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे बराच काळ लक्ष दिले आहे. अमेरिकेत अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रोस यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हिरवा दिवा लागल्यावरही मुद्दाम एक गाडी थांबवून ठेवली. गाडी जुनाट असली की मागच्या बहुतेकांनी हॉर्न वाजवला. महागडी असली की जवळपास निम्मे गप्प राहिले. पुढच्या माणसाची चूक दोन्ही वेळी सारखीच होती. राग कुणावर काढता येईल, हे मन आधीच तोलून ठेवते, असा याचा अर्थ लागतो. चाकणच्या रस्त्यावर मळकट टेम्पोला जेवढा हॉर्न सहन करावा लागतो तेवढा चकचकीत मोठ्या गाडीला लागत नाही, हे रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही पटेल. अमेरिकेतल्याच फिनिक्स शहरातल्या १९८६ च्या अभ्यासात हवेतला उष्मा वाढला तसा हॉर्न वाढला, आणि खिडक्या उघड्या ठेवून चालवणाऱ्यांत तो जास्त वाढला. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या केबिनमध्ये दहा-बारा तास काढणाऱ्या ट्रकचालकाच्या चिडचिडीकडे या अभ्यासाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू वाहनांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ही सुखसोय आहे असे वरवर वाटते, पण तिचा रस्त्याच्या सुरक्षेशी थेट संबंध आहे.

आणखी एक भ्रम या रागाला खतपाणी घालतो. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले, की दोन लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी शेजारची लेन जास्त वेगाने जाते असे चालकाला वाटते. वेग आला की गाड्या विरळ होतात, म्हणून आपण इतरांना भराभर मागे टाकतो आणि ते क्षण लवकर संपतात. वेग मंदावला की गाड्या दाटतात, शेजारच्या गाड्या एकेक करून पुढे जाताना दिसत राहतात आणि तो काळ लांबतो. मागे टाकलेली गाडी नजरेआड होते. पुढे गेलेली मात्र डोळ्यांसमोर राहते. त्यामुळे लेन बदलत राहणाऱ्याला फायदा झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो मागच्या सगळ्यांना ब्रेक मारायला लावतो. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ मोटारी समान वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. मार्गात कुठलाही अडथळा नव्हता. तरी थोड्याच वेळात एका ठिकाणी कोंडी तयार झाली आणि ती उलट दिशेने मागे सरकू लागली. एका चालकाने थोडे जास्त ब्रेक मारले, की त्याच्या मागचा आणखी जास्त मारतो आणि शेवटी कुणीतरी पूर्ण थांबतो. कट मारून घुसणारी गाडी हेच करते, आणि मागची रांग सकाळच्या पाळीला उशिरा पोचते.

पुढच्याला चिकटून चालवणे हा या सगळ्या क्रमातला सर्वांत घातक भाग आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६ मीटरहून अधिक अंतर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. पाच मीटर अंतर ठेवणाऱ्याला त्या सेकंदात काहीच करता येत नाही. दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे तर साठच्या वेगाला सुमारे ३३ मीटर मोकळे हवेत. पावसात आणि रात्री त्याहून जास्त. जड वाहनाच्या बाबतीत चिकटण्याने हेतूही साधत नाही. ट्रेलरच्या अगदी पाठीशी आलेली मोटार त्याच्या चालकाला आरशात दिसतच नाही. मागून चालणाऱ्याला ट्रेलरचा बाजूचा आरसा दिसत नसेल, तर ट्रेलरचालकालाही मागची गाडी दिसत नाही असे समजावे. मागे हटून, आरशात दिसेल अशा जागी येऊन एकदा डिपर दिला, तर साइड मिळण्याची शक्यता वाढते.

संकेतांचा गोंधळही ध्यानात घ्यावा लागतो. ट्रकचालकाने उजवा इंडिकेटर दिला, तर तो उजवीकडे वळणार असतो, किंवा ‘वाट मोकळी आहे, जा’ असे मागच्याला सुचवत असतो. दोन्ही अर्थ रस्त्यावर प्रचलित आहेत आणि चुकीचा अर्थ लावला तर जिवावर बेततो. म्हणून ट्रकचा वेग कमी होतो आहे का, पुढे दुभाजकात फट आहे का, हे पाहिल्याशिवाय निघू नये. क्लीनरने हात बाहेर काढून केलेली खूण अधिक भरवशाची असते, तरी समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. हॉर्नची सवय तर ट्रकच्या पाठीवरच रंगवलेली होती. ‘हॉर्न ओके प्लीज’ हा मजकूर अनावश्यक हॉर्नला उत्तेजन देतो म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे.

तिन्ही रस्त्यांवर ओलांडण्याची रीत सारखी असू शकत नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर मधल्या जलद मार्गिका, बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका आणि सेवा रस्ता अशी विभागणी आहे. तिथले तंटे मुख्यतः सेवा रस्त्यावरून जलद मार्गिकेत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागी होतात. एकेक गाडीने आलटून पालटून शिरणे हा तिथला एकमेव समंजस मार्ग आहे. नाशिक महामार्गावर दुभाजक आहे, म्हणून उजवी लेन अडवण्याचा प्रश्न तिथे सर्वांत तीव्र होतो. तळेगाव-चाकण रस्त्याच्या बऱ्याच लांबीत ओलांडायला वेगळी लेनच नाही. पुढे जायचे तर समोरून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत जावे लागते. तिथे सावकाश कंटेनरच्या मागे संयमाने राहणे, हाच चालकाच्या हातातला उपाय आहे. याउलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दर दिशेला तीन लेन आहेत, दुचाकींना मज्जाव आहे आणि २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा लेन मोडणाऱ्या जड वाहनांनाही टिपते. डावी बाजू मोकळी आणि पहारा सततचा असेल, तर जड वाहनाला डावीकडे राहायला सांगणे न्याय्य ठरते. चाकणला तोच आग्रह धरायचा, तर आधी डावी लेन उभ्या वाहनांपासून सोडवावी लागेल.

इथे कारखान्यांची जबाबदारी येते. सुटे भाग नेमक्या वेळी जुळणीच्या रांगेवर पोचले पाहिजेत, ही वाहन उद्योगाची पद्धत आहे. साठा कमी राहतो, खर्च वाचतो. पण उशिराचा दंड आणि लवकर आल्यावर आत जागा नाही, या दोन्हींचा ताण चालक रस्त्यावर घेऊन येतो. मालवाहू वाहनांना आवारात थांबायला जागा देणे, पाळ्यांच्या वेळा थोड्या पुढेमागे ठेवणे आणि बसच्या कंत्राटात फेऱ्यांचे वेळापत्रक वास्तव ठेवणे ही कामे व्यवस्थापनाला करता येण्यासारखी आहेत. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदीचे आदेश पोलीस काढतात, पण बंदीच्या काळात ती वाहने थांबणार कुठे, हे ठरवले नाही तर ती पुन्हा डाव्या लेनमध्येच उभी राहतात. रस्त्याची क्षमता वाढवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिक फाटा ते खेड हा सुमारे ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. त्याचा अंदाजित खर्च ७,८२७ कोटी रुपये आहे.

चालकाच्या हातात असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. उजवीकडे चालणाऱ्याने आरशात अधूनमधून पाहावे आणि मागे कुणी जवळ आले, तर पहिली सुरक्षित फट मिळताच डावीकडे यावे. फट नसेल, तर डावा इंडिकेटर देऊन ठेवावा. ‘दिसले आहे, बाजूला होतो आहे’ एवढे मागच्याला कळले, की त्याचा निम्मा राग उतरतो. मागच्याला धडा शिकवण्यासाठी वेग कमी करणे किंवा अचानक ब्रेक दाबणे कधीही करू नये. मागे दुचाकी असेल तर त्याचा शेवट मृत्यूत होऊ शकतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली, हे उतावळ्या मागच्याने लक्षात ठेवावे. पुढचा हटत नसेल तर अंतर वाढवावे आणि पुढच्या चौकापर्यंत वाट पाहावी. राग शरीरात चढतो तेव्हा नाडी वाढते, नजर एकाच गाडीवर खिळते आणि कडेचा पादचारी दिसेनासा होतो. त्या अवस्थेत ओलांडण्याचा निर्णय घेऊ नये. दोन-तीन मिनिटे लांब श्वास घेत, रेडिओ लावून किंवा काच खाली करून ती अवस्था ओसरू द्यावी.

एवढे करूनही समोरच्याने गाडी आडवी घातलीच, तर उत्तर द्यायला खाली उतरू नये. काचा वर, दारे बंद, इंजिन चालू ठेवावे. डोळ्याला डोळा भिडवू नये, हातवारे करू नयेत. ११२ क्रमांक लावावा आणि वाट मिळताच पेट्रोलपंप, टोलनाका किंवा कंपनीचे गेट अशा वर्दळीच्या जागी जावे. पाठलाग होत असेल तर घराकडे वळू नये. दुचाकीस्वाराला दारे-काचांचे संरक्षण नसते. त्याने हेल्मेट न काढता माणसांच्या गर्दीकडे सरकावे.

अशा प्रसंगात कोणते गुन्हे घडतात, हे ठाऊक असलेले बरे. बेदरकार चालवणे, ओलांडताना नियम मोडणे आणि उलट दिशेने येणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येते. पहिल्या गुन्ह्याला किमान सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वाट अडवणे, धमकी, मारहाण आणि मालमत्तेची नासधूस हे वेगवेगळे गुन्हे आहेत. पतियाळात डिसेंबर १९८८ मध्ये रस्त्यावरच्या वादातून झालेल्या मारहाणीनंतर एका वृद्धाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फक्त १,००० रुपये दंड केला होता. मे २०२२ मध्ये फेरविचार करून त्याच न्यायालयाने एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. हातघाईचा तो प्रसंग काही मिनिटांचा, पण खटला तेहतीस वर्षे चालला.

तक्रार करायची तर वाहनाचा क्रमांक, वेळ, जवळचा फाटा किंवा चौक लगेच लिहून ठेवावा. डॅशकॅमचे चित्रण पुढच्या चित्रणाखाली पुसले जाते, म्हणून ते त्याच दिवशी वेगळे जतन करावे आणि मूळ मेमरी कार्ड न बदलता ठेवावे. चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्यापेक्षा पोलिसांकडे देणे हिताचे. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून काम करते आणि चाकण, म्हाळुंगे, भोसरी, दिघी, आळंदी ही ठाणी त्याच्याच अखत्यारीत आहेत. एकाच प्रवासात दोन-तीन ठाण्यांच्या हद्दी ओलांडल्या जातात. ‘घटना आमच्या हद्दीत नाही’ या कारणावरून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार ती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते आणि नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. अपघातात जखमी झालेल्याला मदत करणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याने नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही.